दाब समाधानकारक

माझं आणि माझ्या गाडीचं एका बाबतीत अगदी जुळतं. दोघांनाही चढ आवडत नाही. फरक एवढाच की मी कुरकुर करत का होईना चढतो, आणि गाडीने गेल्या महिन्यात टेकडीच्या बरोब्बर अर्ध्यावर, मोठ्या वळणावर हात टेकले.

टेकडीच्या माथ्यावर शाळा आहे. आमची ही तिथे बावीस वर्षं गणित शिकवते. बस पायथ्यापाशी सोडते आणि हिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून जिना बघूनही दुखतो. म्हणून रोज सकाळी हिला वर सोडायचं आणि मग ऑफिसला जायचं, असा माझा शिरस्ता. त्या दिवशी वळणावर गाडीने काळा धूर सोडला, धापा टाकल्या आणि बैलासारखी मान खाली घातली. मागून हॉर्न सुरू झाले. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे जाऊ नये तेच जातं.

मी म्हणालो, "तू जरा उतरतेस का? वजन कमी होईल."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग पर्स घेतली, दार उघडलं आणि चालायला लागली. गाडी खरंच वर चढली. मी शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करून, ही येताना दिसल्यावर अदबीने दार उघडून उभा राहिलो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. ही माझ्याकडे न बघता फाटकातून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मला सांगावं लागलं नाही. वळण आलं की ही आपली आपण उतरायची; गाडी फिरवायला जागा वरच, म्हणून मी पुढे फाटकाशी जाऊन थांबायचो. संध्याकाळी मी विचारायचो, "गुडघा कसा आहे?" ही म्हणायची, "बरा आहे." आणि मी निर्धास्तपणे पेपर उघडायचो. छान चाललं होतं, असं मला वाटत होतं.

एका शुक्रवारी पेन शोधताना हिच्या पर्समध्ये एक छापील अर्ज सापडला. स्वेच्छानिवृत्तीचा. वरचं सगळं भरलेलं, फक्त खाली सही राहिलेली.

"हे काय?"

"दिसतंय की. पुढच्या शनिवारी देणार आहे."

"अगं, पण का?"

"ते गाडीला विचारा," ही म्हणाली. मग भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सातवी 'ब'ला आत्ता कुठे अपूर्णांक कळायला लागले होते हो."

हिला मी चिडलेली पाहिलीय, रुसलेली तर नेहमीच पाहतो. पण 'लागले होते' हे असं, संपल्यासारखं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आठ दिवसांत गाडी चढली पाहिजे, असं मी त्या क्षणी ठरवलं. ठरवण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

इथे आमच्या समोरच्या दारातले शेजारी प्रवेश करतात. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून बँक सोडून सगळ्या विषयांचे जाणकार आहेत. सगळी इमारत त्यांना तज्ज्ञ म्हणते, तेही आनंदाने ओ देतात. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"टर्बो आहे ना तुमच्या गाडीला?"

आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. गाडीच्या पाठीवर तसं लिहिलेलं होतं खरं, पण लिहिलेल्या सगळ्याच गोष्टी असतात असं सरकारी नोकरीत राहून मी मानत नाही.

"मग बूस्ट कमी पडतोय," तज्ज्ञ म्हणाले. "इंजिनातून जो धूर बाहेर जातो, तो जाता जाता एक पंखा फिरवतो. तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जेवढा दाब जास्त, तेवढी ताकद जास्त. साधा हिशोब आहे. दाब वाढवा, गाडी पळेल."

एवढं सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला. हातातल्या छत्रीने भिंतीवर आकृत्या काढल्या, त्यात जिन्यातला एक दिवा गेला. त्याबद्दल सोसायटीचं पत्र मला आलं, कारण चर्चा माझ्या गाडीची होती.

गॅरेजवाल्याचं मतही तेच पडलं. "दाब बघावा लागेल. पण माझं मीटर बंद पडलंय."

आणि इथे माझी छाती फुगली. अहो, मी पाणीपुरवठा खात्यात आहे! दाबाची मीटरं आमच्या भांडारात डझनाने पडलेली असतात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नोकरीचा माझ्या घराला उपयोग होणार होता.

माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगतो, फार नाही. मी तक्रार विभागात आहे. लोक लिहितात की पाणी येत नाही. आमचा माणूस जातो, नळाला मीटर बसवतो, काटा बघतो आणि आकडा आणून देतो. मग मी उत्तर पाठवतो: 'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने तपासणी केली असता आपल्या नळाचा दाब समाधानकारक आढळून आला.' हे वाक्य माझं स्वतःचं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ते लिहिलं, साहेबांना आवडलं, आणि गेली सव्वीस वर्षं ते जसंच्या तसं चालू आहे. काना-मात्रा बदललेला नाही.

तर सोमवारी मी भांडारपालाकडे गेलो. आमचा भांडारपाल खिडकीच्या पलीकडे बसतो आणि वस्तू देणं हा त्याला स्वतःचा पराभव वाटतो.

"मीटर? फॉर्म भरा. तीन प्रती."

भरला.

"तक्रार क्रमांक लिहिला नाही."

"नुसतं तपासायला हवंय हो."

"तक्रार क्रमांकाशिवाय मीटर नाही. मीटरशिवाय तपासणी नाही. तपासणीशिवाय तुमचं खातं नाही," तो म्हणाला आणि खिडकी अर्धी लावून घेतली.

मला एक तक्रार क्रमांक तोंडपाठ होता. टेकडीवरच्या एका इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. त्यांची चौदा पत्रं माझ्या टेबलावर येऊन गेली होती. अक्षर मोत्यासारखं, मुद्द्यांना क्रमांक, शेवटी 'कळावे'. चौदाव्या पत्राला अजून उत्तर गेलं नव्हतं. मी तो क्रमांक फॉर्मवर लिहून टाकला. मीटर दोन दिवसांत परत येणार होतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

संध्याकाळी गॅरेजवाल्याने टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला नळी जोडून आमचं मीटर लावलं. बॉनेटमधून पाणीपुरवठा खात्याचं मीटर डोकावताना बघून मला उगाच भरून आलं. काटा शून्य पूर्णांक नऊवर गेला. गॅरेजवाल्याने टर्बोवरचा एक दांडा पिळला. काटा एक पूर्णांक दोनवर आला. तज्ज्ञ खास त्यासाठी आले होते, त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

मंगळवारी सकाळी वळणावर काटा झोकात एक पूर्णांक दोन दाखवत होता आणि गाडी आदल्या दिवसापेक्षाही हळू चालली होती. बॉनेटखालून पाखरं फडफडल्यासारखा आवाज येत होता. मागे एवढा धूर, की आरशात रस्ता दिसेना. मी हिला म्हणालो, "बघ, दाब मात्र वाढलाय." हिने दार उघडलं आणि उतरली.

"अजून वाढवा," तज्ज्ञांनी संध्याकाळी फर्मावलं.

अजून वाढवला. एक पूर्णांक चारला पाइपच निसटला. तो आवाज मी विसरणार नाही, आणि गॅरेजसमोरून जाणारा सायकलवालाही विसरणार नाही, कारण तो सायकलवरून उतरून दुकानाच्या पायरीखाली जाऊन बसला. आजूबाजूच्या गॅलऱ्या भरल्या. एका बाईंनी वरून विचारलं, "कुणाला लागलं का?" मी "नाही, नाही" म्हणून हात हलवला, तर लोकांना वाटलं मी मदतीला बोलावतोय. चौघे धावत आले. त्यांतल्या तिघांनी मला गाडी विकायचा सल्ला दिला आणि चौथ्याने विकत घेणाऱ्याचा पत्ता.

पाइप पुन्हा आवळून दाब एक पूर्णांक दोनवर आणला. बुधवारी भांडारपालाचा निरोप आला, मीटर आणा. नेलं. त्याने नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

"रीडिंग लिहा."

"ते राहू दे की."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

माझ्या डोक्यात एकच रीडिंग होतं. मी लिहिलं, एक पूर्णांक दोन. खाली सही केली. एकपेक्षा वर म्हणजे समाधानकारक, असा आमचा नियम. दुपारी ती वही माझ्याच टेबलावर आली, माझंच वाक्य टाइप झालं, त्यावर मीच सही केली, आणि शिपाई ते पत्र त्याच संध्याकाळी टेकडीवर देऊन आला. आमच्या खात्यात एवढी एकच गोष्ट वेगाने होते.

गुरुवारी वळणावर ही उतरून गेली आणि मागोमाग बॉनेटमधून वाफ आली. गाडी इतकी तापली होती की हात लावता येईना. पाणी हवं होतं. समोरच एक इमारत होती. तळमजल्याला कुलूप, पहिल्या मजल्यावर कुत्रा, दुसऱ्यावर कुणी दार उघडेना. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, चष्मा कपाळावर.

"गाडीसाठी जरा पाणी मिळेल का?"

त्या आत गेल्या. त्यांच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला लागून बादल्या, पातेली, डबे, बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. सगळी पाण्याने भरलेली, प्रत्येकावर झाकण. त्यांनी त्यातून एक जग अर्धा भरला, जरा विचार करून थोडं पाणी परत ओतलं आणि उरलेलं मला दिलं.

ओळख वाढवावी म्हणून मी हसत म्हणालो, "मीही पाणीखात्यातच आहे बरं का!"

मूर्खपणालाही काही मर्यादा असावी.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. टेबलावरचा कागद उचलून माझ्यासमोर धरला. "ही सही कुणाची?"

सही माझी होती. नाकारायचा विचार मनात आला, पण माझ्या खिशाला ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं.

"तर तुम्हीच ते 'दाब समाधानकारक'," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "यात लिहिलंय, सोमवारी माझ्या नळाची तपासणी झाली. सोमवारी मी दिवसभर घरात होते. कोण आलं होतं?"

मी हातातल्या जगमधल्या पाण्याकडे बघत राहिलो.

"या," त्या म्हणाल्या आणि मला न्हाणीघरात घेऊन गेल्या. नळ पूर्ण सोडला. करंगळीपेक्षा बारीक धार पडायला लागली. "अंगठा लावा नळाच्या तोंडाला. घट्ट."

मी लावला. दोन-तीन क्षणांत अंगठ्याला चांगलाच रेटा बसायला लागला.

"दाब आहे?"

"आहे. चांगला आहे."

"आता अंगठा काढा आणि बादली भरा."

मी काढला. पुन्हा तीच धार.

"तुमचा माणूस मीटर लावतो म्हणजे हेच करतो. नळाला बूच मारतो आणि आतलं अडलेलं पाणी किती रेटा देतंय ते बघतो. आत पाइप गंजून नळीएवढा उरला असला तरी रेटा तेवढाच दाखवणार. चौदा पत्रांत हेच लिहिलंय मी. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली, मला माहीत आहे. बादली लावा आणि घड्याळ बघा, असं दर पत्रात शेवटी लिहिलंय."

खरं सांगतो, चौदापैकी एकही पत्र मी मुद्दा क्रमांक दोनच्या पुढे वाचलं नव्हतं. तसं मी म्हणालोही. खिडकीशी जाऊन बाईंनी खाली वाफाळणारी गाडी बघितली आणि काय होतंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, फडफड, धूर, वाढवलेला दाब, सगळं. मीटर कुठून आलं तेवढं सोडून.

"काटा वर आणि गाडी खाली," त्या म्हणाल्या. "म्हणजे हवा पुढे कुठेतरी अडतेय. तुमचा तो पंखा ढकलतोय, पण पुढे वाटच नाही, म्हणून दाब साचतोय. अजून दाबलंत तर हवा नुसती तापणार, तापली की विरळ होणार, म्हणजे आत अजूनच कमी. इंजिनाला दाबाशी काय करायचंय? हवा आत किती गेली त्यावर तेल किती जळणार ते ठरतं. न जळलेलं काळं होऊन मागून बाहेर पडतंय. अडलंय कुठे ते बघायला सांगा."

मी आभार मानून निघालो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "रोज त्या वळणावर एक बाई गाडीतून उतरून चालत वर जातात. मध्ये दोनदा थांबतात, कठड्याला धरून उभ्या राहतात, मग पुन्हा निघतात. त्या कोण?"

"माझी बायको," मी म्हणालो.

मला हे ठाऊक नव्हतं. मी वर फाटकाशी पोचलेलो असायचो. मला ही फक्त शेवटच्या वीस पावलांत दिसायची, आणि त्या वीस पावलांत ही ताठ चालायची. जिना उतरताना माझ्या हातातला जग हिंदकळत होता आणि मला माझी स्वतःची शरम वाटत होती. गाडीची नाही, माझी.

शुक्रवारी गाडी गॅरेजमध्ये राहिली आणि ही पायथ्यापासून चालत गेली. मी सुटी टाकून गॅरेजवाल्याच्या डोक्यावर बसलो. "दाब सोड. हवा कुठे अडतेय ते बघ." त्याने तोंड वाकडं केलं, पण इंजिनात हवा शिरते तो भाग खोलला. तीन बोटं जातील अशा वाटा काजळीने आणि तेलाने भरून पेन्सिल जाईल एवढ्या उरल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून खरवडून रंगाचा एक मोठा डबा भरून काजळी काढली. दांडा त्याने सैल करून होता तिथे आणला.

"दाब पहिल्याएवढाच ठेवलाय. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. तज्ज्ञ दारातून बघत होते. ते न बोलता परत गेले, हा त्या आठवड्यातला एकमेव निखळ आनंद.

शनिवारी सकाळी निघालो. ही शेजारी, मांडीवर पर्स, पर्समध्ये अर्ज. मी काही विचारलं नाही. वळण आलं. हिचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला. गाडी थांबली नाही. फडफड नाही, धूर नाही, नुसती जात राहिली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. हिचा हात मात्र थेट शाळेच्या फाटकापर्यंत कडीवरच होता. उतरताना म्हणाली, "येते," आणि आत गेली. गेल्या महिन्यातला तो पहिला 'येते'.

मी गाडी वळवून बाईंच्या इमारतीपाशी आणली. डिकीत ऑफिसची दहा लिटरची बादली होती. ती घेऊन तिसरा मजला चढलो. बाईंनी दार उघडलं, बादली बघितली आणि दोन स्टुलं न्हाणीघराच्या दाराशी ठेवली.

आम्ही बादलीकडे बघत बसलो. पाणी पडत होतं, म्हणजे तसं म्हणायचं. पाच मिनिटांनी मी म्हणालो, "तो एक पूर्णांक दोन तुमच्या नळाचा नव्हता. माझ्या गाडीचा होता."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"चढते का आता?"

"चढते."

"मग एवढं तरी झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बादलीकडे बघायला लागल्या. बादली भरायला एकोणीस मिनिटं लागली.

सोमवारपर्यंत मला धीर निघेना, त्याच दुपारी ऑफिसात जाऊन नोंदवही काढली. त्यात मिनिटांसाठी रकानाच नाही. मी एक पूर्णांक दोन खोडलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'ही नोंद या नळाची नाही. प्रत्यक्षात दहा लिटरला एकोणीस मिनिटं. पाइप बदलणे आवश्यक.' सुटीच्या दिवशीही येऊन बसलेल्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

"या नळाची नाही? मग कशाची?"

सांगितलं. साहेब खूप दमल्यासारखे दिसले. "लेखी खुलासा द्या. तीन प्रती," म्हणाले. मग मी दारापर्यंत पोचल्यावर विचारलं, "खरंच एकोणीस?"

"खरंच एकोणीस."

त्यांनी पाइपाच्या कामावर सही केली. खुलासा मात्र माफ केला नाही.

संध्याकाळी मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो. ही पाय स्टुलावर ठेवून सातवी 'ब'च्या वह्या तपासत होती. मी सवयीने तोंड उघडलं, "गुडघा..." आणि थांबलो. मग विचारलं, "चढावर मध्ये थांबायचीस?"

लाल पेन थांबलं. "कुणी सांगितलं?"

"वळणावरच्या इमारतीतल्या बाईंनी. दोनदा थांबायचीस?"

"तीनदा," ही म्हणाली. "दोनदा त्या इमारतीतून दिसत असेल."

मी म्हणालो, "चुकलो मी." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे वाक्य मी फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे नीट जमलं नाही. हिने ऐकलं, पुढची वही उघडली आणि विचारलं, "तुम्ही काय लिहीत बसलाय?"

"खुलासा. सगळं खरं लिहायचंय आणि कोऱ्या कागदावर सुरुवात सुचत नाहीये."

हिने पर्स ओढली, आतून घडी केलेला तो अर्ज काढला, उलटा करून कोरी बाजू माझ्यासमोर ठेवली.

"याच्यावर कच्चं लिहा आधी," ही म्हणाली आणि पुन्हा अपूर्णांक तपासायला लागली.